कार्व्हेडिलॉल-डी५ : काही महिन्यांच्या वापरानंतर

रक्तद्रवातील कार्व्हेडिलॉल हे रक्तदाबावरचे औषध एलसी-एमएस/एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजताना अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखाच घालायचा पदार्थ म्हणून, कार्व्हेडिलॉल-डी५ (पाच हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेले तेच औषध) नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यापासून वापरात आहे. परवा नवी कुपी उघडली आणि जुना संताप पुन्हा उफाळून आला.

कुपीवर एक मिलिग्रॅम असे छापलेले असते, आत मात्र काहीच दिसत नाही. पदार्थाचा पातळ थर काचेला, कधी झाकणाच्या आतल्या बाजूलाही चिकटलेला असतो. तो खरवडून तोलणे अशक्य असल्यामुळे कुपीतच मिथेनॉल घालून सगळे धुऊन घ्यावे लागते. वजनाच्या हिशेबाने सोन्याहून कितीतरी महाग पदार्थ विकायचा आणि निमुळत्या तळाची लहान कुपीसुद्धा द्यायची नाही, ही कुठली रीत? तक्रारीला पुरवठादाराने ‘वजन प्रमाणित आहे’ एवढेच उत्तर दिले. अंतर्गत मानक प्रत्येक नळीत सारखेच पडले की त्याच्या नेमक्या संहतीने निकाल बिघडत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पैसे पूर्ण मिलिग्रॅमचे मोजलेले असतात. ड्युटेरियम ज्यातून मिळते ते जड पाणी आपल्याच रायगड जिल्ह्यात, थळला तयार होते आणि बिल मात्र डॉलरच्या भावाने येते, हेही खुपतेच.

एवढ्यावर मी दोनच तारे देणार होते. मत बदलले ते शून्य नमुन्यामुळे. औषधविरहित रक्तद्रवात फक्त हे मानक घालून मूळ औषधाच्या ४०७ वस्तुमानाच्या वाहिनीवर पाहिले, तर अचिन्हित (ड्युटेरियम नसलेल्या) औषधाचा अंश नगण्य निघाला; आयसीएच एम१० या औषध-मापन पद्धतींच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार तो मापनाच्या खालच्या मर्यादेवरील प्रतिसादाच्या २० टक्क्यांपर्यंत चालतो. ड्युटेरियम कार्बनला जोडलेले असल्यामुळे रात्रभर ऑटोसॅम्पलरमध्ये राहूनही ते पाण्यातील हायड्रोजनशी अदलाबदल करत नाही.

खरा दोष वेगळाच आहे. घटक वेगळे करणाऱ्या रिव्हर्स्ड-फेज कॉलमवर डी५ हे मूळ औषधाच्या किंचित आधी बाहेर पडते, त्यामुळे काही रक्तद्रवांत इतर घटकांमुळे दोघांचे आयनीकरण (यंत्राला दिसण्यासाठी विद्युतभारित होणे) सारखे दबत नाही. याच जोडीबाबत २००७ मध्ये शोधनिबंधही आला होता. नमुना स्वच्छ करताना आम्ही प्रथिन-अवक्षेपण (नुसती प्रथिने साक्यात बसवणे) सोडून द्रव-द्रव निष्कर्षण (न मिसळणाऱ्या द्रावकात औषध ओढून घेणे) स्वीकारले, तेव्हा औषध आणि मानक यांचे गुणोत्तर स्थिरावले. ड्युटेरियमऐवजी कार्बन-१३ या जड कार्बनने चिन्हित केलेले मानक सहसा असे पुढे सरकत नाही, पण त्याचे दरपत्रक पाहून आमच्या लेखा विभागाने ते परत पाठवले.

म्हणून चार तारे. पाचवा कुपीने घालवला. पुढची मागणी तयार द्रावणाच्या सीलबंद अँप्युलची केली आहे. कोरडी कुपीच घेणार असाल, तर झाकण उघडण्यापूर्वी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावी आणि धुतलेले मिथेनॉल झाकणावरूनही फिरवावे.