घरचं एस्प्रेसो मशीन, १४ महिन्यांनंतर: फेस येत नसेल तर आधी दुधाचं वजन करून बघा

मागच्या वर्षी गणपतीच्या सेलमध्ये साडेअकरा हजारांना हे मशीन घेतलं. १५ बारचा पंप, आत थर्मोब्लॉक (ज्याच्या आतल्या वाटेतून जाताना पाणी तापतं तो धातूचा ठोकळा), उजव्या बाजूला वाफेची नळी आणि नळीवर स्टीलचं लांब टोपण असतं तसलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हेच मशीन रंग आणि लोगो बदलून चार-पाच जण विकतात आणि मी खाली जे सांगतेय ते त्या सगळ्यांना लागू होतं. कॉफीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, चिकमगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया दुकानातूनच दळून आणते, एस्प्रेसो पहिल्या दिवसापासून मस्त येतो, वर तांबूस फेसाचा थर, म्हणजे क्रेमा, वगैरे सगळं. मी लिहायला बसलेय ते दुधासाठी. या मशीनला एक स्टार देणारे बहुतेक लोक "फेस येत नाही" एवढंच लिहून मशीन परत करतात, आणि मार्चमध्ये मीही ते खोक्यात भरून ठेवलं होतं.

झालं असं की पहिले तीन-चार महिने फेस एकदम झकास यायचा. घट्ट, चकाकणारा, श्रीखंडासाठी फेटलेला चक्का असतो ना तसा मऊ. मग जानेवारी-फेब्रुवारीपासून हळूहळू बिघडत गेलं. आधी मोठे मोठे बुडबुडे यायला लागले, भांड्यांच्या साबणाचे असतात तसे, कपात ओतेपर्यंत फुटून जायचे. मग तेही बंद आणि नुसतं कोमट पातळ दूध. सासूबाई म्हणायला लागल्या हल्ली पिशवीचं दूधच पातळ येतं, बदलून बघ. म्हणून गायीचं सोडून म्हशीचं आणलं, मग अमूल गोल्ड, मग परत गायीचं. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर, मॅडम फुल क्रीम दूध वापरा. महिना गेला यात.

इथेच एक सांगते कारण हा गैरसमज सगळीकडे आहे. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं, फॅट नाही. फॅटने फेसाला चव आणि जाडपणा येतो, पण फॅट वाढवलं म्हणून फेस वाढत नाही. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये ६, आणि प्रथिनं दोन्हीत जवळपास सारखीच. म्हणजे मशीन नीट चालत असेल तर टोन्ड दुधाचासुद्धा भरपूर फेस येतो, उलट जरा हलका आणि जास्तच येतो. मला स्वतःला साध्या गायीच्या दुधाचाच आवडतो. म्हशीच्या दुधाची कॉफी फार जड होते, एक कप प्यायला की जेवण झाल्यासारखं वाटतं. दूध शिळं असेल तर मात्र फेस खरंच बसतो, पिशवीची तारीख आज-उद्याची असेल तर त्याचा चहा करा.

मग एके दिवशी सहज सुचलं म्हणून किचनच्या वजनकाट्यावर जग ठेवला, जगाचं वजन शून्य केलं आणि फ्रिजमधलं दूध १५० ग्रॅम घेतलं. नेहमीसारखी वाफ दिली आणि परत काट्यावर ठेवलं. १८९! म्हणजे मशीनने माझ्या दुधात ३९ ग्रॅम पाणी घातलं होतं. थोडं पाणी मिसळणारच हे मान्य, कारण वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते तिनेच दूध तापतं. पण १५० ग्रॅम दूध फ्रिजच्या थंडपणापासून ६० अंशांपर्यंत न्यायला कोरडी वाफ असेल तर साधारण १५ ग्रॅम पुरते. म्हणजे माझ्या कपात त्या १५ ग्रॅमच्या वरचं सगळं नुसतं गरम पाणी होतं, वाफ नव्हतीच. तोपर्यंत मी दुधाला नावं ठेवत होते.

शेवटी टेक्निशियन बोलावला, व्हिजिटचे ४५० रुपये. मुलगा चांगला होता. मशीनकडे बघायच्या आधी त्याने एकच विचारलं, ताई पाणी कुठलं टाकता? आम्ही पुण्यात वाघोलीत राहतो, सोसायटीत टँकर येतात, आणि मी तर सरळ नळाचंच पाणी भरत होते, उकळणारच आहे ना म्हणून. त्याने खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) बुडवला, ६४० दाखवलं, म्हणजे क्षार भरपूर. गिझरची कॉइल काढल्यावर जे पांढरं कवच दिसतं तेच थर्मोब्लॉकच्या आतल्या अरुंद वाटेत बसतं. मग धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, पाण्याची पूर्ण वाफ होत नाही आणि नळीतून फुरफुर करत अर्धी वाफ अर्धं पाणी येतं. एस्प्रेसोला ९० च्या आसपास तापमान पुरतं म्हणून कॉफी ठीक येत राहते, वाफेला १०० च्या बरंच वर जावं लागतं म्हणून आधी तीच मरते. हे ऐकल्यावर सगळं डोक्यात बसलं. माहिती पुस्तिकेत डीस्केलिंगबद्दल, म्हणजे आत बसलेला हा क्षार काढण्याबद्दल, दीड ओळ आहे, आणि क्षारामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही हे मात्र वेगळ्या चौकटीत छापलंय. या गोष्टीचा मला राग आहे आणि एक स्टार मी याचाच कापतेय. विकताना पाण्याबद्दल एक वाक्य सांगायला काय जातं?

डीस्केलिंग त्याने समोर करून दाखवलं, आता मी घरीच करते. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, तेच लिंबूसत्त्व, वाण्याकडे मिळतं. आधी तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत चालतं का ते बघून घ्या. टाकी भरायची, थोडं कॉफीच्या बाजूने सोडायचं, थोडं वाफेच्या नळीतून, मग बंद करून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यायचं, परत सोडायचं, आणि शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या पूर्ण फिरवायच्या, यात कंजूषी नको नाहीतर पुढची कॉफी आंबट. पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या ट्रेमध्ये अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे पडले होते, अक्षरशः चमचाभर. आता आरओचं पाणी टाकते आणि तरी दर दोन महिन्यांनी हे करतेच. परवाच परत वजन केलं, १५० चे १६८ झाले.

एवढं करूनही फेस नीट येईना तेव्हा दुसरी भानगड सापडली. नळीवरच्या स्टीलच्या टोपणाला वरच्या बाजूला एक बारीकशी खाच असते. तिथून हवा आत ओढली जाते आणि वाफेबरोबर दुधात जाते, फेस होतो तो त्या हवेचा. माझं टोपण काढून उजेडात धरलं तर खाच दिसेचना. आतून दुधाची पिवळी खरवड बसली होती, कढईच्या बुडाला असते तशीच, आणि वास म्हणजे नासलेल्या दुधाचा. गरम पाण्यात अर्धा तास भिजत घातलं, सुईने खाच मोकळी केली, आतली बारीक रबरी रिंग निसटून सिंकमध्ये जाता जाता वाचली. ती रिंग सांभाळा, ती नसेल तर हवा भलतीकडून येते. बाहेरून ओल्या फडक्याने पुसलं म्हणजे झालं असं मी १० महिने समजत होते. तसं नाही, दूध आतपर्यंत ओढलं जातं. आता दूध झालं की लगेच, म्हणजे कॉफी प्यायच्या आधी, दोन सेकंद वाफ मोकळी सोडते आणि टोपण काढून नळाखाली धरते.

ही खाच दुधाच्या वर राहिली पाहिजे. दुधात बुडाली तर हवा बंद, दूध नुसतं तापतं. फार वर राहिली आणि टोपणाचं टोकच पृष्ठभागावर आलं तर ते साबणाचे बुडबुडे. म्हणून रुंद भांडं नको, ३५० मिलीचा उभा स्टीलचा जग घ्या आणि तो निम्म्याच्या जरा खालीच भरा. मशीनबरोबर जग येत नाही, मी तुळशीबागेतून आणला. आणि दूध लावायच्या आधी पाच-सहा सेकंद वाफ रिकाम्या कपात सोडा, सुरुवातीचं सगळं पाणीच असतं, फुसफुस थांबून सरळ कोरडी वाफ लागली की मग जग वर घ्या. दिवा लागला म्हणजे मशीन तयार असं नाही, मी दिवा लागल्यावर अजून अर्धा मिनिट थांबते. आवाजावर लक्ष ठेवा, तापलेल्या तेलात कढीपत्ता पडल्यावर येतो तसा हलका चर्रर्र हवा. जग हाताला कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची, मग नळी थोडी आत, बाजूला, म्हणजे दूध गोल फिरायला लागतं आणि मोठे बुडबुडे आत मोडतात. जग हाताला सोसवेना झाला की बंद, ते साधारण ६० ते ६५ अंश असतात. ७० च्या वर गेलात की उकळलेल्या दुधाचा वास येतो आणि फेसही बसतो. एकूण पाऊण-एक मिनिटाचं काम आहे, दोन मिनिटं लागत असतील तर परत वर क्षाराचं लिहिलंय ते वाचा. सराव करायला दूध वाया घालवू नका, थंड पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून करा, अगदी तसंच फिरतं. नंतर जग आणि नळी नीट धुवा.

आपल्याकडे अजून एक गोष्ट होते. आपण दूध आणलं की तापवतो, साय धरते, मग तेच फ्रिजमधलं दूध कॉफीला घेतो. ते घेऊ नका. सायीचे बारीक तुकडे नळीच्या भोकात अडकतात आणि चव आधीच शिजलेली असते. पिशवीचं दूध पाश्चराइज्डच असतं, कॉफीपुरतं पिशवी फोडली की बाजूला काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला पण आता त्या स्वतःच "कॉफीचं" म्हणून वेगळी बाटली भरून ठेवतात. गवळ्याचं सुटं दूध असेल तर ते तापवणं भागच आहे, मग गार करून बारीक गाळणीतून दोनदा गाळा.

आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागले की आमच्याकडे व्होल्टेज २०० वर येतं. १३५० वॉटचं मशीन तेव्हा हजाराच्या आसपासच ताकद देतं, म्हणून सकाळी छान आणि संध्याकाळी पाणीदार असा प्रकार झाला तर दरवेळी मशीनला दोष देऊ नका. एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात लावू नका, भिंतीतल्या १६ अँपियरच्या प्लगला लावा.

माझे चार स्टार. दोघा-तिघांच्या घरासाठी घ्यायला काहीच हरकत नाही. पाहुणे आले आणि सहा कॅपुचिनो लागोपाठ हवे असतील तर तिसऱ्या जगापासून वाफ ढेपाळते, मध्ये दोन मिनिटं द्यावी लागतात. आणि वाफेनंतर लगेच एस्प्रेसो काढू नका, आतला भाग फार तापलेला असतो, कॉफी करपट कडू येते, आधी कपभर पाणी सोडून द्या. मी तर आता आधी कॉफी काढते, मग दूध करते.