वंशावळीत आत्याला जागा देणारं केंद्र
नौपाड्यात ब्लाऊज शिवायचं माझं दुकान आहे. दादाच्या पाठीवर हरभऱ्याएवढी पिवळसर गाठ आली होती. एका दवाखान्यात 'चरबीची आहे' म्हणून काढली, तपासायला पाठवलीच नाही. आठ महिन्यांत तिथेच परत आली. या वेळी त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा पाठवला, तर तैलग्रंथीचा कॅन्सर निघाला. त्यांनी विचारलं, घरात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर कोणाला? आणि या केंद्राची चिठ्ठी दिली, इथे घराण्यातून येणाऱ्या आजारांची तपासणी आणि सल्ला मिळतो.

इथल्या कौन्सेलर मॅडमनी सव्वा तास दिला, सगळं मराठीत. वंशावळ सांगा म्हटल्यावर दादाने घरात लावलेली तोंडपाठ म्हणून दाखवली: पणजोबा, आजोबा, बाबा, काका. मॅडम म्हणाल्या, "आणि मुली?" आमच्या वंशावळीत मुली नाहीतच. लग्न होऊन गेली की नाव संपलं. मग मी सांगितलं, थोरली आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरने पन्नाशीच्या आत गेली. बाबा आतड्याच्या कॅन्सरने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, त्याचा दोष आम्ही तंबाखूला देत आलो. मॅडमनी सगळ्यांना घेऊन कागदावर वंशावळ काढली: पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजारी तो काळा. आत्याचा गोल काळा केल्यावर कागदच बोलायला लागला. मला रडू आलं.

दादाच्या गाठीवरच्या तपासणीत एमएसएच२ नावाचं प्रथिन गायब होतं, रक्ताच्या तपासणीत त्याच जनुकात बदल सापडला. घराण्यातून येणाऱ्या आणि आतड्याच्या, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या अशा बदलाला लिंच सिंड्रोम म्हणतात, त्यातल्या त्वचेच्या अशा गाठींच्या प्रकाराला म्युर-टोरे. प्रत्येक अपत्याला हा बदल येण्याची शक्यता निम्मी. अशी प्रत्येक गाठ घराण्यातली नसते, पापणीवरची तर बऱ्याचदा नसते, हेही त्यांनी नीट समजावलं.

माझ्यातही बदल निघाला. "ताई, हा कॅन्सर नाही, आधी मिळालेली सूचना आहे," असं म्हणून त्यांनी लगेच कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासायला पाठवलं. आतड्याच्या आत वाढलेले दोन कोंब (पॉलिप) निघाले, तेव्हाच काढले. आता दर एक-दोन वर्षांनी करायची. माझी लेक पंधराची आहे. तिची तपासणी करा म्हणून मी हट्ट धरला, त्यांनी ठाम नकार दिला: अठराची झाल्यावर ती स्वतः ठरवेल. तेव्हा राग आला होता, आता पटतं.

उणं सांगायचं तर संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे. कौन्सेलरनी ओळ न् ओळ वाचून दाखवली, पण छापील मराठी हवंच. शिवाय रिपोर्टला सांगितल्यापेक्षा दहा दिवस जास्त लागले आणि फोन कोणी उचलत नव्हतं. ते दिवस फार वाईट गेले.

नातेवाइकांना द्यायला मराठीत पत्र मात्र मिळतं. काकांनी ते परत केलं, मुलीचं लग्न व्हायचंय म्हणाले. चुलत बहिणीने माझ्याकडून दुसरी प्रत नेली आणि येत्या शनिवारची वेळ घेतली आहे. तिच्यासोबत मी जाणार आहे.