फिरती सॉ मिल चालवणाऱ्यांनो, फूट कोण मोजणार ते आधी ठरवा

ज्यांच्याकडे गाडीमागे ओढून न्यायची छोटी बँडसॉ मिल (फिरत्या दातेरी पट्टीने ओंडके चिरणारं मशीन) आहे आणि जे लोकांच्या जागेवर जाऊन त्यांचेच ओंडके चिरून देतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एका माणसाने मला अगदी पद्धतशीर गंडवलं, आणि या धंद्यातल्या दोघा-तिघांशी बोलल्यावर कळलं की त्यांनाही असाच कोणीतरी भेटून गेलाय. नाव घेत नाही, पण पद्धत सगळी सांगतो.

फोनवर माणूस एकदम गोड. "दादा, माल बघाल तर खूश व्हाल, सगळे सरळसोट बुंधे आहेत, गाठ शोधून सापडणार नाही." फोटोही पाठवले. मी तासाचा भाव सांगितला तर म्हणे तास नको, तासात माणसं रेंगाळतात, आपण बोर्ड फुटाने करू, जेवढं काम तेवढे पैसे. मेसेजवर तसं लिहून आलं, थोडा अॅडव्हान्सही आला. जागेवर गेलो तर फोटोतली रांग होतीच, जाड, सरळ, बघून हात शिवशिवावेत अशी. पण ती फक्त पुढची रांग होती. मागे सगळा बारका माल, आठ-नऊ इंच व्यासाचा, निम्मे वाकडे.

आता ज्याने मिल चालवली नाही त्याला वाटेल की मग काय झालं, फुटाने भाव आहे ना. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड एवढं लाकूड, असे बारा झाले की एक घनफूट. अठ्ठावीस इंच व्यासाच्या, सोळा फुटी ओंडक्यातून साडेपाचशेच्या वर बोर्ड फूट निघतात आणि तेवढ्याच लांबीच्या आठ इंचीतून चाळीसच्या आसपास. पण ओंडका मिलवर चढवा, लेव्हल करा, शिकंज्यात धरा, पाठ (सालीकडची गोलसर फळी) काढा, फिरवा, परत धरा, परत पाठ काढा, हा सगळा खटाटोप दोघांना जवळपास तेवढाच लागतो. बारीक मालात दिवसभर राबून संध्याकाळी फळ्यांचा चट्टा बघितला की रडू येतं. म्हणून बारीक आणि वाकड्या मालाला बरेच जण तासाचा भाव लावतात, आणि म्हणूनच त्याला तास नको होता. आणि तो जाड माल त्याने मुद्दाम आधी चिरायला लावला, म्हणजे पहिल्या दिवशी मी खूश आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मशीन तिथेच अडकलेलं.

दुसरी गोष्ट ओंडक्यांच्या तोंडांची. प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना, म्हणजे कापलेल्या टोकांना, रंग फासलेला होता. तोंडाकडून ओल लवकर उडते आणि लाकूड तडकतं म्हणून लोक मेण किंवा रंग लावतात, ते बरोबरच आहे, उलट मला वाटलं माणूस जाणकार दिसतोय. पण रंग फक्त बुंध्यांच्या ओंडक्यांना घट्ट, दोन-तीन हात मारलेला, आणि वरच्या तुकड्यांना नुसता फिरवलेला. का ते कळायला एक पट्टी गेली. टॅनिनवाल्या (तुरट रसाच्या) लाकडात लोखंड असलं की त्याच्या आजूबाजूला निळसर काळा डाग पसरतो आणि तो रेषांच्या बाजूने वर-खाली जात जात तोंडापर्यंत येतो. तोंडावर निळा डाग दिसला की आपण आधीच सावध होतो, मेटल डिटेक्टर फिरवतो, किंवा तो ओंडका बाजूला काढतो. रंगाखाली डाग दिसतच नाही.

झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, खोडात ठोकलेला खिळा ज्या उंचीवर ठोकला त्याच उंचीवर राहतो, फक्त दरवर्षी त्याच्यावर लाकूड चढत जातं. म्हणजे कुंपणाची तार, यू-खिळे, पाटी ठोकलेले खिळे, झोक्याचे हुक हे सगळं माणसाच्या हाताच्या उंचीवर, म्हणजे बुंध्याच्या पहिल्या ओंडक्यात. सगळ्यात चांगलं लाकूडही त्यातच. माझ्याकडे डिटेक्टर आहे, मी फिरवतोही, पण साधा हातातला डिटेक्टर वरच्या थोड्याच इंचांपर्यंत ऐकतो, आणि या ओंडक्यांमधलं लोखंड खोल गेलेलं होतं.

पट्टी लोखंडाला लागली की फार मोठा आवाज होतो असं नाही. सूर बदलतो. गुणगुणणारी पट्टी एकदम किरकिरते, आणि लगेच इंजिन बंद केलं तरी दात गेलेले असतात. फळी उचलून बघितली तर वीतभर लांब काळी रेघ आणि तिच्या मधोमध चकचकीत कापलेला यू-खिळा, दोन टिकल्या शेजारी शेजारी. तार कुंपणाची होती, बरीच वर्षं जुनी. त्यापेक्षा वाईट म्हणजे पट्टी तुटत नाही तेव्हा. एका बाजूच्या दातांचं सेटिंग (बाहेर वळवलेला कल) जातं, पट्टी दुसऱ्या बाजूला ओढायला लागते आणि फळीला लाट येते, एका टोकाला जाड, मधे पातळ. मी पट्टी बदलली पण तोपर्यंत काही फळ्या लाटेच्या निघाल्या होत्या. त्या फळ्या त्याने लगेच वेगळ्या रचल्या, काही बोलला नाही. पट्टीचे पैसे मागितले तर म्हणे "बघू ना दादा, शेवटी सगळं एकत्रच करू." हे शेवटी एकत्र करू वाक्य लक्षात ठेवा.

मग जाडी. ठरलं होतं एक इंच. अर्धा माल झाल्यावर म्हणे याच्यातला काही अर्ध्या इंचाने काढा, गिऱ्हाईक आलंय. अर्ध्या इंचाच्या फळीला बोर्ड फूट निम्मे, काप दुप्पट, भुसा दुप्पट, फळ्या उचलणारा माणूस दुप्पट दमतो. कठीण लाकडाच्या व्यापारात एक इंचाहून पातळ फळी मोजताना जाडी धरतच नाहीत, नुसतं क्षेत्रफळ मोजतात, म्हणजे पातळ फळी इंचाचीच धरली जाते. मी हे सांगितलं तर मान डोलावली. मान डोलावणं फुकट असतं.

हे झालं किरकोळ. खरा हात मारला तो मोजमापात.

शेवटच्या दिवशी चट्टे लावून झाले, मी टेप आणि खडू घेऊन मोजायला बसलो, जाडी गुणिले रुंदी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले बारा, प्रत्येक फळीवर आकडा. तो शांतपणे आला आणि खिशातून घडी घातलेला तक्ता काढला. म्हणे मोजायची गरजच नाही, मी आधीच मोजलंय, प्रत्येक ओंडक्याचा व्यास घेऊन, डॉयल तक्त्याने. आणि मेसेज दाखवला, त्यात बोर्ड फूट लिहिलंय ना, हे बोर्ड फूटच आहेत.

डॉयल म्हणजे साधारण १८२५ सालापासूनचं अमेरिकेतलं ओंडका मोजायचं गणित. ओंडक्याच्या बारीक तोंडाचा सालीच्या आतला व्यास घ्यायचा, त्यातून चार इंच वजा करायचे, उरलेल्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचा, सोळाने भागायचा. ते चार इंच म्हणजे पाठी आणि कडा यांची घट. ओंडका अठ्ठावीस इंची असेल तर चार इंच गेले तरी फरक पडत नाही, डॉयल ५७६ सांगतो आणि कापात पाव इंच लाकूड जातं असं धरणारा इंटरनॅशनल पाव इंची तक्ता ५८५. पण ओंडका आठ इंची असेल तर आठातून चार गेले, उरले चार, त्याचा वर्ग सोळा, सोळा फुटाला सोळाच बोर्ड फूट. इंटरनॅशनल त्याच ओंडक्याला चाळीस देतो, आणि सरळ ओंडका असला तर पातळ पट्टीच्या मिलवर हातात तेवढं येतंसुद्धा. बारा इंचीला ६४ आणि ९५. म्हणजे जेवढा माल बारीक तेवढा मी मारला गेलो, आणि मागची सगळी रांग बारीकच होती, हा योगायोग नव्हता हो.

बरं डॉयल तक्ता खोटा नाही, कित्येक ठिकाणी ओंडके त्यावरच विकले जातात. पण तो न चिरलेला ओंडका विकताना अंदाजासाठी असतो, समोर चिरलेल्या फळ्या पडलेल्या असताना अंदाज कशाला पाहिजे? वाद घातला. तो आवाज न चढवता म्हणाला बोर्ड फूट ठरलं होतं, कुठला ते ठरलं नव्हतं. वर लाटेच्या फळ्या वजा. पातळ फळ्या निम्म्याने. पट्टी धंद्यातला खर्च.

आता इथे फिरत्या मिलची एक अडचण आहे जी जागेवरच्या मिलवाल्याला नसते. तिथे लाकूड त्याच्या आवारात पडलेलं असतं, पैसे दिल्याशिवाय फळी हलत नाही. आपण दुसऱ्याच्या जागेत, त्याच्या जमिनीवर, ओंडके त्याचे, फळ्या त्याच्या, आपल्याकडे उरतं काय तर मिल आणि कपड्यांवर बसलेला भुसा. भांडलो तरी निघून आपल्यालाच जायचंय.

शेवटी तडजोड म्हणून मधला आकडा ठरला, तर त्याने फोनवरून पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, म्हणे बँकेकडून कधी कधी वेळ लागतो, रात्रीपर्यंत दिसतील. दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन बंद, आणि जागेवर गेलो तर चट्टे उचललेले.

पुढचं कळलं ते निव्वळ नशिबाने. एका सुताराने त्याच्याकडचा ओंडका चिरायला मला बोलावलं आणि त्याच्या शेडमध्ये फळ्या रचलेल्या, त्यावर माझ्याच अक्षरातले खडूचे आकडे. बिल बघायला मागितलं, त्याने दाखवलं. त्या बाबाने विकताना माझे आकडे फळी-फळीला जसेच्या तसे धरले होते. अर्ध्या इंचाच्या फळ्या पूर्ण इंचाच्या धरून. माझ्याशी हिशोब करताना डॉयल, विकताना टेप.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग होईल म्हणून. काम घ्यायच्या आधी एका कागदावर दोघांच्या सह्या. मोजमाप चिरलेल्या फळ्यांचं, ओल्या मालाचं, चट्टा लागताना रोजच्या रोज, दोघांच्या समोर. एक इंचाखालची फळी इंचाचीच मोजायची. दहा इंचाखालचा किंवा वाकडा ओंडका तासाने, आणि तास म्हणजे इंजिनवरच्या मीटरचा तास, घड्याळाचा नाही. एक काम मात्र तासावर ठेवत नाही, ते म्हणजे मिल आणणं-नेणं आणि लावणं, त्याचे वेगळे ठरलेले पैसे, काम एका ओंडक्याचं असलं तरी. लोखंड लागलं तर पट्टी गिऱ्हाइकाची, आणि त्या फेरीत लाट आलेल्या फळ्या पण त्याच्याच नावावर, मग ओंडक्यात लोखंड असल्याचं त्याला माहीत असो की नसो. तोंडाला रंग असेल तर दोन बोटं रुंद चकती चेनसॉने कापून आतलं तोंड बघतो, कोणाला वाईट वाटलं तर वाटू दे, चकती जळणाला जाते.

आणि पैसे. सगळ्यात जाड दोन-तीन ओंडके मी आता शेवटाला ठेवतो. तोपर्यंतचा हिशोब खात्यात जमा झालेला माझ्याच फोनवर दिसला की मगच ते मिलवर चढवतो, स्क्रीनशॉट कोणाचाच चालत नाही. एका गिऱ्हाइकाने यावर नाक मुरडलं, म्हणे एवढा अविश्वास? मी म्हटलं तुम्ही घरी जा, जेवा, पैसे जमा झाले की फोन करा, मी इथेच पट्टीला धार लावत बसतो. अर्ध्या तासात झाले जमा.