नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी: उकळावे, यूव्ही बसवावे की आरओ?

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेण्याआधी आपल्या पाण्यात दोष कोणता आहे, हे कळणे आवश्यक आहे, कारण जंतू आणि विरघळलेले क्षार हे दोन वेगळे प्रश्न असून एकावरचा उपाय दुसऱ्याला बहुधा लागू पडत नाही.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नळाला येणारे धरणाचे पाणी मुळात मृदू आणि प्रक्रिया केलेले असते. धोका असतो तो वाटेत. पुरवठा ठरावीक तासांचाच असल्यास जलवाहिनीतील दाब मधल्या वेळेत कमी होतो आणि जुन्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरू शकते. त्यानंतर सोसायटीची टाकी वेळेवर धुतली जाते की नाही, हा प्रश्न उरतोच. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. अशा घरांना उकळणे किंवा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र, पुरेसे आहे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवलेले पाणी जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित असते, मात्र त्याला गॅस आणि वेळ लागतो. यूव्ही झटपट काम करते, पण वीज नसेल तर बंद पडते, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणांआड जंतू वाचतात. या दोन्ही उपायांनंतर पाण्यात संरक्षण शिल्लक राहत नाही, त्यामुळे शुद्ध केलेले पाणी उघड्या भांड्यात साठवले किंवा त्यात हात बुडवून पेला भरला, तर ते पुन्हा दूषित होते. क्लोरीनचा फायदा नेमका येथे दिसतो: तो पाण्यात थोडा उरतो आणि म्हणूनच भारतीय मानकात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन अपेक्षित आहे.

बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी अधिक विचार मागते. विदर्भ-मराठवाड्यात रासायनिक खते, शेणखताचे ढीग आणि शोषखड्डे यांतून नायट्रेट झिरपते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खडकातूनच फ्लोराइड येते. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट असते. मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत योग्य समजले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही बिघडतात. हे पाणी उकळून फायदा नाही, उलट वाफ निघून गेल्यावर क्षारांचे प्रमाण किंचित वाढतेच. यूव्हीचाही येथे उपयोग नाही. आरओ, म्हणजे दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून गाळणारे यंत्र, मात्र हे तिन्ही दोष बऱ्याच अंशी कमी करते.

विक्रेता घरी येऊन टीडीएस मीटर बुडवून दाखवतो, त्यावरून निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तो आकडा विरघळलेल्या सर्व क्षारांची केवळ अंदाजी बेरीज सांगतो. टीडीएस 350 असलेल्या पाण्यात 2 मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकते आणि मीटरला ते वेगळे दिसत नाही. जंतू तर मुळीच दिसत नाहीत. उलट, टीडीएस 500 च्या आत असून नायट्रेट-फ्लोराइडही मर्यादेत असेल, तर आरओची गरज नाही. ते प्रत्येक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी टाकून देते आणि उपयुक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमही काढून टाकते. टंचाईच्या गावात हा अपव्यय परवडणारा नाही, म्हणून टाकाऊ पाणी भांडी किंवा फरशी धुण्यासाठी वेगळे धरावे.

म्हणून बोअर असेल, तर जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा आणि कोलिफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जिवाणू) या चारही गोष्टींची तपासणी मागावी, शक्यतो पावसाळ्याआधी आणि नंतर, कारण पावसानंतर नायट्रेट आणि जंतू दोन्ही बदलतात. जंतूंच्या नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून मिळालेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. घरात सहा महिन्यांच्या आतील बाळ वरच्या दुधावर असेल आणि नायट्रेट मर्यादेबाहेर आढळले, तर यंत्राची वाट न पाहता बाळाच्या दुधासाठी तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी त्याच दिवसापासून आणावे, कारण अशा पाण्याने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते.