फुकटचा नकाशा, ३५० रुपयांचं कार्ड आणि 'पीडीआर'

ईट्रेक्स २२एक्स, म्हणजे गार्मिनचं ट्रेकला हातात धरायचं जीपीएस यंत्र, वापरतोय त्याला आता चौदा महिने होतील, मित्राकडून सेकंडहँड घेतलेलं, त्यामुळे स्क्रीन केवढी नि मेमरी किती ते लिहीत बसत नाही. लिहायला बसलो कारण गेल्या रविवारी त्यातलं मेमरी कार्ड मेलं. ३५० रुपयांचं. दुकानदार म्हणतो बिल आणा, बिल त्या गुळगुळीत कागदावरचं, तीन महिन्यांत पांढरंफटक पडलं, म्हटलं मोबाइलमध्ये फोटो आहे, तर म्हणे ओरिजिनलच लागतं. दिलं सोडून. पण कार्डाबरोबर नकाशा गेला ना.

विकतचा नकाशा मी घेतला नव्हता, घेणारही नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या नकाशाचा, डेटा फुकट आहे, त्यातून यंत्रासाठी बनवलेली तयार फाइल नेटवर मिळते, ती कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची, झालं. पहिल्यांदा ती चालू केली तेव्हा खरंच उडालो, सह्याद्रीतल्या घाटवाटा तुटक रेघांनी दिसतायत, कुठल्या कुठल्या पोरांनी चालून ट्रॅक काढून भरलेल्या. (फोन का नाही विचाराल तर जुलैमध्ये ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालवून बघा. याला बटणं आहेत आणि दोन पेन्सिल सेल, फक्त रिचार्जेबल टाकलेत हे सेटिंगमध्ये सांगायचं, नाहीतर सेल भरलेले असून संपले म्हणून बोंबलतं.)

आता नावांचं. सिंगापूर नाळ या सह्याद्रीतल्या घाटवाटेच्या वरच्या अंगाला होतो, पाच जण, धुकं, आणि स्क्रीनवर इंग्रजीत तीन अक्षरं, पी डी आर. एक म्हणाला फॉरेस्टवाल्यांचा पॉइंट असेल, दुसरा म्हणाला पीडब्ल्यूडीचंच काहीतरी, मी आपला झूम करतोय. अर्धा तास गेला यात. शेवटी गुरांमागचे एक मामा आले, त्यांना विचारलं खाली काय आहे हो इथे, तर म्हणाले काय असायचंय, पदर हाय. पदर! कड्याच्या मधली सपाटी. मराठीत 'पदर' लिहिलेलं, त्यातले स्वर कुणीतरी गिळले आणि उरलं पीडीआर. मग बाकीची कोडीही सुटली, गडाच्या शेवटी दोन-दोन डी का, खडकवाडीचा उच्चार करताना जीभ का अडकते.

घरी येऊन यंत्राला आणि त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालणारं लांबलचक लिहून ठेवलं होतं. बरं झालं टाकलं नाही, कारण चूक यंत्राची नव्हतीच. या यंत्रावर देवनागरी दिसत नाही हे खरं, पण फाइल बनवणारा प्रोग्रॅम, एमकेजीमॅप, प्रत्येक देवनागरी अक्षराला रोमन अक्षर ठेवतो (ड ला दोन डी) आणि व्यंजनातला अ त्याच्या गावी नसतो. इंग्रजी नाव भरलेलं असेल तर आधी ते घे असं सांगायचा ऑप्शन त्यात आहे, तयार फाइलवाल्याने दिला नव्हता एवढंच. आणि ज्याने नाव मराठीत भरलं त्याचं तर अगदी बरोबर, तिथली माणसं म्हणतात तेच नाव भरायचं हाच ओपनस्ट्रीटमॅपचा नियम आहे.

मग आता स्वतःच बनवतो. जिओफॅब्रिक या साइटवरून ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटातला भारताचा वेस्टर्न झोन उतरवायचा, महाराष्ट्र, गोवा, गुजरात सगळं येतं, रोज ताजं होतं. स्प्लिटरने तुकडे करायचे आणि मग एमकेजीमॅप. पहिल्यांदा अख्खा शनिवार गेला, बायको म्हणाली एवढ्यात विकतचा आला असता. नसता आला, आला असता तरी त्यात पदर नसता.

कंटूरची, म्हणजे नकाशावरच्या उंचीच्या रेघांची, मात्र सवय करून घ्या. तो डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवस फिरलेल्या स्पेस शटलच्या रडारचा, साधारण ३० मीटरला एक आकडा, त्यामुळे आपला कातळकडा त्यात उतार होतो आणि सुळक्याचं टेकाड. 'रेघा एकमेकींपासून लांब आहेत, म्हणजे उतार सौम्य, उतरू इथून' असं कुणी म्हणालं तर त्याला मागे ठेवा.

कार्ड मेल्यावर परवा सगळं नव्याने बनवलं, तर मीच मार्चमध्ये भरलेलं एक टाकं स्क्रीनवर आलं, निळ्या खुणेने. बघून कॉलर ताठ झाली. मग आठवलं की भरताना टाक्यात तळाला चार बोटं पाणी होतं, एप्रिलमध्ये कुणी याच्या भरवशावर गेला तर? ओपनस्ट्रीटमॅपवर लगेच 'हंगामी' टॅग लावला, पण यंत्रावर खूण तीच, बारमाही असल्यासारखी, कारण कुठली गोष्ट स्क्रीनवर कशी दाखवायची हे एमकेजीमॅपला सांगणारी स्टाइलची फाइल तो टॅग वाचतच नाही. आता तिच्यात एक ओळ घालतोय, हंगामी असेल तर नावापुढे 'पावसाळी' लिही म्हणून. इंग्रजी अक्षरांत, सगळे स्वर घालून.