सागरेश्वर की चांदोली?
भाऊजी विचारत होते पोरांना मोठी जनावरं दाखवायचीत, कुठं जावं. सागरेश्वर अभयारण्य सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्र्याजवळच, ताकारी स्टेशनपास्नं लांब नाय, जेमतेम 10.87 चौ.किमी.चं न् भोवती कुंपण, त्यामुळं गवताळ उतारावर सांबर, चितळ, काळवीट दिसायचा चान्स बरा, खर्चबी कमी, सकाळी लवकर गेलं की दुपारी जेवायला घरी. उन्हाळ्यात मात्र नुसतं भाजतं राव.

चांदोली राष्ट्रीय उद्यानात गवा! पण 317 चौ.किमी. दाट जंगल, 2010 पास्नं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, तिथं वाघाच्या आशेनं जाऊ नका, गवाबी दिसंलच असं नाय, पावसाळ्यात बंद, गाडी-गाईडचा खर्च वेगळा.

बारकी पोरं असतील तर सागरेश्वर. गव्याचं याड असंल न् रिकामं परत यायची तयारी असंल तर चांदोली.