टक्केवारीवर रिटर्न भरून घेतलं आणि दोन वर्षांनी नोटीस आली

फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारं कार्यालयाचं प्रमाणपत्र) हातात पडला की शाळेच्या स्टाफरूममध्ये, एसटी डेपोत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एक निरोप तोंडोतोंडी फिरायला लागतो. अमुक एक जण आयकराचं रिटर्न भरून देतो, कापलेला सगळा टॅक्स परत आणतो, आधी एक रुपया मागत नाही. रिफंड खात्यावर आला की त्यातले टक्के द्यायचे. निरोप देणारा सहकारीच असतो आणि त्याला खरोखर रिफंड मिळालेला असतो, म्हणून विश्वास बसतो. ज्याला नोटीस येते तो लाजेने गप्प राहतो. रिफंडाची बातमी पसरते, नोटिशीची पसरत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये नवी माणसं सापडतात. सोलापुरात शिक्षक, पोलीस, महापालिका, एसटी आणि रेल्वे असा पगारदार वर्ग मोठा आहे. त्यांच्यासाठी हे सगळं आकड्यांसकट मांडतो आहोत.

दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या जिल्हा परिषद शिक्षकाचं आर्थिक वर्ष २०२३-२४ घ्या. पगार समजण्यापुरता धरला आहे, गणित खरं आहे. वर्षाचा पगार ८,५०,००० रुपये. जुन्या, म्हणजे वजावटी मिळणाऱ्या करप्रणालीत त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि भविष्य निर्वाह निधी, विमा मिळून कलम ८०सी ची पूर्ण १,५०,००० वजा होते. करपात्र उत्पन्न ६,४७,५००. त्यावर कर ४२,०००, चार टक्के उपकर १,६८०, एकूण ४३,६८०. कार्यालयाने टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा कर, तेवढाच कापला. देणं नाही, घेणं नाही.

एजंटाची नजर फक्त पाच लाखांच्या रेषेवर असते. जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न ५,००,००० च्या आत आलं की कलम ८७अ ची सूट लागते आणि कर शून्य होतो. म्हणजे त्याला आणखी १,४७,५०० रुपयांच्या वजावटी उभ्या करायच्या असतात. तो लिहितो: आरोग्य विमा ८०डी मध्ये २५,०००, गंभीर आजाराचा उपचार ८०डीडीबी मध्ये ४०,०००, शैक्षणिक कर्जाचं व्याज ८०ई मध्ये ४०,०००, राजकीय पक्षाला देणगी ८०जीजीसी मध्ये ४५,०००. बेरीज १,५०,०००. उत्पन्न ४,९७,५०० वर येतं, कर शून्य, रिफंड ४३,६८०. शिक्षकाच्या घरात तसा आजार नाही, कर्ज नाही, त्याने कुठल्या पक्षाला दमडी दिलेली नाही. पंधरा टक्के ठरले असतील तर एजंटाला ६,५५२ मिळतात, शिक्षकाकडे ३७,१२८ राहतात. आणि पूर्ण ४३,६८० ची जबाबदारी शिक्षकाची.

यात सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच पगारावर त्याच वर्षी नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) कर ३६,४०० इतकाच होता. दोन्ही प्रणालींची तुलना करून वेळेत साधं, खरं रिटर्न भरलं असतं तर ७,२८० रुपयांचा रिफंड हक्काने मिळाला असता, कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. ते एजंटाने सांगितलं नाही, कारण ७,२८० च्या पंधरा टक्क्यांत त्याचं भागत नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून तर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावटीच्या ७५,००० सह १२,७५,००० पर्यंत. कार्यालयाने चुकून जुन्या प्रणालीने टीडीएस कापला असेल तर तो रिटर्न भरताच परत मिळतो. त्यात कुणाची कर्तबगारी नाही, आणि त्यावर टक्के मोजणं म्हणजे स्वतःचे पैसे परत घेण्यासाठी खंडणी देणं.

वरच्या चार कलमांशिवाय आणखी काही जागा ठरलेल्या आहेत. घरभाडं ही त्यातली मोठी. गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या नावावर भाडं दाखवलं जातं, किंवा कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये घरभाडे भत्त्याची सूट आधीच दिलेली असताना रिटर्नमध्ये ती दुसऱ्यांदा घेतली जाते. सोलापूर महानगरांच्या यादीत नाही. त्यामुळे मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा केल्यावर उरणारी रक्कम, आणि पगाराचे ४० टक्के, या तिन्हींत जे कमी तेवढीच सूट मिळते. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि निवृत्तिवेतनासाठी धरला जाणारा महागाई भत्ता. वार्षिक भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन लागतो. तिथे आईवडिलांचा पॅन टाकला जातो, आणि मग ते भाडं त्यांच्या उत्पन्नात का नाही, हा प्रश्न त्यांच्या दारात येतो. अपंगत्वाच्या ८०यू आणि ८०डीडी मध्ये थेट ७५,००० किंवा १,२५,००० घेता येतात म्हणून तेही वापरतात. थकबाकी मिळालेली नसताना कलम ८९ ची सवलत दाखवतात. विजेवरच्या गाडीच्या कर्जाचं व्याज ८०ईईबी मध्ये टाकतात, दारात पेट्रोलची दुचाकी असली तरी.

राजकीय देणगीचा प्रकार थोडा गुंतागुंतीचा आहे. रोख दिलेली देणगी ८०जीजीसी मध्ये चालतच नाही. त्यामुळे काही ठिकाणी खरोखर ऑनलाइन पैसे भरायला लावतात, पक्षाची पावती देतात आणि कमिशन कापून उरलेले रोख परत करतात. पावती खरी, बँकेतली नोंद खरी, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण अशा नोंदणीकृत, मान्यता नसलेल्या पक्षाच्या खात्यांची तपासणी झाली की देणगीदारांची अख्खी यादी आयकर विभागाच्या हाती लागते. निवडणूक आयोगाने ९ ऑगस्ट २०२५ रोजी असे ३३४ पक्ष यादीतून काढले. वर्षानुवर्षं निवडणूकच न लढवणाऱ्या पक्षाला सोलापूरच्या पगारदाराने ४५,००० का दिले, याचं उत्तर शेवटी त्या पगारदारालाच द्यावं लागतं.

एवढं खोटं लिहून रिफंड येतो तरी कसा? आयकर रिटर्नसोबत कागद जोडायचे नसतात. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात संगणक टीडीएस जुळवतो, बेरजा तपासतो, मर्यादा बघतो आणि कलम १४३(१) खाली सूचनापत्र काढतो. विम्याची पावती खरी आहे का, हे त्या टप्प्यावर कुणी बघत नाही. म्हणजे रिफंड आला याचा अर्थ गणित जुळलं, दावा मान्य झाला असा नाही. खरी तपासणी नंतर होते, आणि साधारण प्रकरणात निर्धारण वर्ष (आर्थिक वर्षानंतरचं वर्ष, ज्यात रिटर्न भरतात) संपल्यापासून सव्वातीन वर्षांपर्यंत जुनं रिटर्न पुन्हा उघडता येतं. आता कार्यालयाने पाठवलेली टीडीएसची माहिती आणि रिटर्नमधला आकडा यांतली तफावत संगणकच शोधतो. फॉर्म १६ मध्ये शून्य असलेली देणगी रिटर्नमध्ये ४५,००० दिसली की खूण होते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांविरुद्ध देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी कारवाई केली, त्यात महाराष्ट्रही होता. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न अद्ययावत करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तेव्हा सांगितलं.

नोटीस वेळेवर कळत का नाही, याचं कारण पहिल्याच दिवशी पेरलेलं असतं. एजंट पॅन, आधार आणि ओटीपी मागतो, आयकराच्या पोर्टलवर पासवर्ड स्वतः ठरवतो आणि संपर्काच्या जागी स्वतः उघडलेला ईमेल टाकतो, कधी मोबाइलही स्वतःचा. शेकडो रिटर्नसाठी असे ईमेल उघडले जातात आणि हंगाम संपला की टाकून दिले जातात. विभागाचं पत्र त्या बंद पडलेल्या पेटीत जातं, उत्तराची मुदत निघून जाते, आणि पगारदाराला कळतं ते थेट मागणी उभी राहिल्यावर, किंवा पुढच्या वर्षीचा रिफंड जुन्या मागणीत वळता झाल्यावर. रिफंड फक्त तुमच्या नावाच्या, पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच येतो. म्हणूनच काही एजंट हमी म्हणून सही केलेला कोरा चेक ठेवून घेतात. तो कधीही देऊ नका.

आता नोटीस आल्यावरचं गणित. खोटी वजावट ही उत्पन्नाची चुकीची माहिती देणं धरली जाते आणि कलम २७०अ मध्ये त्याला करावर २०० टक्के दंड आहे. वरच्या उदाहरणात कर ४३,६८० अधिक दंड ८७,३६० म्हणजे १,३१,०४०, व्याज वेगळं. हातात आले होते ३७,१२८. जाणूनबुजून कर चुकवल्याचा खटलाही कलम २७६सी खाली होऊ शकतो. ‘मला माहीत नव्हतं, त्यानेच भरलं’ या उत्तराने जबाबदारी टळत नाही, कारण पडताळणीचा ओटीपी तुम्ही दिलेला असतो आणि रिटर्नच्या शेवटी सगळं खरं असल्याची घोषणा तुमच्या नावावर असते. एजंटाचं नाव त्या रिटर्नमध्ये कुठेही नसतं.

या टप्प्यावर दुसरी फसवणूक होते आणि ती पहिलीपेक्षा घातक आहे. तोच एजंट, किंवा त्याने सुचवलेला दुसरा कुणी, ‘ऑफिसात ओळख आहे, मिटवून देतो’ म्हणून पैसे मागतो, नाहीतर छापलेल्या खोट्या पावत्या उत्तरासोबत चढवतो. आजवर चुकीचा आकडा होता. बनावट कागद जोडला की तो स्वतंत्र गुन्हा होतो. इथे थांबाच.

ज्यांनी असं रिटर्न भरून घेतलं आहे त्यांनी आजच करायचं काम हे. पोर्टलवर लॉगिन होत नसेल तर आधार ओटीपीने पासवर्ड बदला. प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल स्वतःचा करा, नोंद केलेली बँक खाती तपासा. मग ई-फाइल विभागातून भरलेली रिटर्न उघडा आणि गेल्या चार वर्षांच्या रिटर्नची पूर्ण प्रत उतरवून घ्या. एजंट एक पानाची पोचपावती देतो, तिच्यात कलमवार वजावटी दिसत नाहीत. पूर्ण फॉर्ममधला ‘प्रकरण सहा-अ’ हा तक्ता काढा आणि फॉर्म १६ च्या भाग ब शेजारी ठेवून एकेक आकडा जुळवा. जो आकडा फॉर्म १६ मध्ये नाही आणि ज्याचा कागद तुमच्याकडे नाही, तो खोटा. शेवटी प्रलंबित कामांमध्ये ई-कार्यवाही (जिथे नोटिसा दिसतात) आणि थकीत मागणी हे दोन्ही भाग उघडून बघा.

सुधारित रिटर्नची मुदत गेली असेल तर कलम १३९(८अ) खालचं अद्ययावत रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, ही वाट आहे. १ एप्रिल २०२५ पासून तिची मुदत निर्धारण वर्ष संपल्यावर ४८ महिने झाली. पहिल्या बारा महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या बारांत ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. आपल्या उदाहरणात, म्हणजे निर्धारण वर्ष २०२४-२५ साठी, ३१ मार्च २०२६ पर्यंत ४३,६८० वर १०,९२० जादा, एकूण ५४,६००. त्यानंतर ३१ मार्च २०२७ पर्यंत ६५,५२०, व्याज असेल ते वेगळं. हे टोचतं, पण १,३१,०४० पेक्षा निम्म्याच्या आसपास आहे. एका वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतं, म्हणून सगळ्या खोट्या वजावटी एकाच वेळी काढा. कर भरून चलन जोडल्याशिवाय ते स्वीकारलं जात नाही, आणि भरल्यावर तीस दिवसांत पडताळणी करावी लागते. कलम १४३(२) ची छाननीची नोटीस निघून तपासणी सुरू झाली की ही वाट बंद होते. त्याआधी येणारे आठवणीचे एसएमएस आणि ईमेल म्हणूनच किमती आहेत. (इथली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून असला तरी या जुन्या वर्षांचा हिशेब जुन्याच कलमांनी होतो.)

आलेली नोटीस खरी की खोटी याचीही शंका येते, कारण रिफंडाच्या नावाने लिंक पाठवणारे भामटे वेगळेच आहेत. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्या पानावर नोटीस पडताळण्याची सोय आहे, तिथे तो क्रमांक टाकला की खरं-खोटं कळतं. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. शंका राहिली तर प्रक्रिया केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे, किंवा सोलापुरातल्या आयकर कार्यालयात पत्र घेऊन जा.

पुढच्या वेळी रिटर्न कुणाकडे द्यायचं, याची कसोटी फीपासून सुरू होते. चार्टर्ड अकाउंटंट अधिनियम १९४९ च्या पहिल्या अनुसूचीत, मोजके अपवाद सोडले तर, टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घ्यायला सीएला मनाई आहे. म्हणून ‘सीए साहेबांकडून करून देतो, रिफंडाचे टक्के द्या’ म्हणणाऱ्याच्या मागे एकतर सीए नसतो, किंवा असला तर तो नियम मोडतो आहे. चांगला कर सल्लागार ठरावीक फी सांगतो, फॉर्म १६ सोबत वार्षिक माहिती विवरण आणि २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) बघतो, दोन्ही प्रणालींचा कर काढून दाखवतो आणि प्रत्येक वजावटीचा कागद मागतो. मसुदा तुम्ही वाचल्याशिवाय ओटीपी मागत नाही. कागद मागून त्रास देतो म्हणून त्याला सोडून जाणारे बरेच आहेत. पण तो त्रास म्हणजेच त्याच्या फीचा मोबदला आहे. निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून तर फॉर्ममध्येच पॉलिसी क्रमांक, विमा कंपनी, कर्ज देणारी बँक आणि कर्जखात्याचा क्रमांक विचारला जातो. तिथे मनाने लिहिलेला क्रमांक दिसला तर लगेच हरकत घ्या.

एजंटाविरुद्ध तक्रार करायची असेल तर त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश, यूपीआयने दिलेल्या टक्क्यांची नोंद, त्याने टाकलेला ईमेल पत्ता आणि रिटर्नची पूर्ण प्रत जपून ठेवा. ईमेल बदलण्याआधी प्रोफाइलच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तो नंतर मिळत नाही. तक्रार पोलीस आयुक्तालयात किंवा तालुक्याच्या ठाण्यात लेखी द्या आणि तिची पोच घ्या. एकाच शाळेतले किंवा डेपोतले चारपाच जण मिळून गेले तर प्रकरण लवकर उभं राहतं. पण तक्रारीच्या निकालाची वाट बघत आयटीआर-यू थांबवू नका. ३१ मार्च उलटला की जादा कराचा पुढचा टप्पा लागतो.